ठणका, चमक, आग, ओढ : स्तनपुनर्रचनेनंतरच्या वेदनेचे एक प्रकरण

पुढचे प्रकरण कोणा एका बाईंचे नाही. मास्टेक्टमी (कर्करोगामुळे स्तन काढण्याची शस्त्रक्रिया) आणि त्याच बैठकीत केलेली स्तनपुनर्रचना यानंतर जे वारंवार घडताना दिसते, ते इथे एकाच रुग्णाच्या घटनाक्रमात बसवले आहे. औषधांची मात्रा प्रौढ व्यक्तीसाठी नेहमी वापरली जाते तीच दिली आहे, पण प्रत्येकीची मूत्रपिंडे, यकृत, वजन आणि चालू औषधे वेगळी असतात. गोळी ठरवायची ती शल्यचिकित्सकांनी किंवा वेदनातज्ज्ञांनीच.

रुग्णाचे वय ४७, वजन ६२ किलो. मधुमेह नाही, धूम्रपान नाही. डाव्या स्तनाची मास्टेक्टमी झाली, काखेतल्या सेंटिनल गाठी (कर्करोग पसरला तर आधी जिथे पोहोचतो त्या) तपासणीसाठी काढल्या आणि छातीच्या मोठ्या स्नायूखाली ४०० मिलीचा टिश्यू एक्स्पांडर बसवला. एक्स्पांडर म्हणजे पुढे हळूहळू सलाइन भरून त्वचा व स्नायू ताणण्यासाठी ठेवलेली पिशवी. शस्त्रक्रियेतच त्यात १२० मिली भरले होते. दोन ड्रेन होते (आत साठणारा द्रव ओढून घेणाऱ्या नळ्या, प्रत्येकीच्या बाहेरच्या टोकाला दाबून चपटा केलेला फुगा), एक काखेच्या दिशेने आणि दुसरा एक्स्पांडरच्या खालच्या कडेला.

पहिली चूक : दुखत नाही म्हणून गोळी नाही

भूल देतानाच छातीच्या दोन स्नायूंमधल्या पदरात लांब टिकणारे बधिरीकरणाचे औषध सोडले होते. पेक्स ब्लॉक म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत २०११ मध्ये रफाएल ब्लांको यांनी मांडली आणि स्तनाच्या शस्त्रक्रियांमध्ये ती आता सर्रास वापरली जाते. तिचा फायदा मोठा आहे. शस्त्रक्रियेच्या संध्याकाळी या बाई उशीला टेकून बसल्या होत्या, फोनवर बोलत होत्या आणि वेदनेचा आकडा विचारला तर दहापैकी दोन सांगत होत्या.

कागदावर पॅरासिटामॉल ‘गरज वाटल्यास’ असे लिहिले होते. गरज वाटली नाही, म्हणून त्यांनी रात्रीची गोळी घेतली नाही आणि सकाळचीही परत केली. ब्लॉकचा परिणाम साधारण १२ ते २४ तासांत उतरतो. इथे तो दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास उतरला आणि तासाभरात आकडा दोनवरून आठवर गेला. तोपर्यंत शरीरात वेदनाशामकाचा थेंबही नव्हता. एवढी चढलेली वेदना खाली आणायला इंजेक्शने लागली, त्यांनी मळमळ झाली, उलटीच्या उबळीने छातीचा स्नायू आवळला आणि त्याने पुन्हा कळ आली.

ब्लॉक दिला असेल तर गोळ्या तो उतरण्याआधी सुरू व्हायला हव्यात, आणि त्या घड्याळ बघून घ्यायच्या असतात. दुखण्याची वाट बघायची नसते. त्या दिवशी दुपारी बेत बदलला : पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर ६ तासांनी, दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नाही (वजन ५० किलोच्या आत असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर याहून कमी). रक्तस्राव नाही आणि मूत्रपिंडे ठीक आहेत याची खात्री झाल्यावर आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम दर ८ तासांनी, जेवणानंतर. एवढे करूनही वेदना पाचच्या वर राहिली तरच ट्रॅमाडॉल (अफूच्या जातीचे वेदनाशामक) ५० मिलिग्रॅम. संध्याकाळपर्यंत आकडा चारवर आला आणि तिसऱ्या दिवशी त्या घरी गेल्या.

घरी गेल्यावर : ‘सगळीकडे दुखतं’

सहाव्या दिवशीच्या फोनमध्ये हेच दोन शब्द होते. त्या दिवसाला चार ट्रॅमाडॉल घेत होत्या, डोके जड होते, चार दिवस शौचाला झाले नव्हते आणि वेदना सहाच्या खाली येत नव्हती. कुंथल्यावर छातीत कळ येते म्हणून त्या जोर द्यायला घाबरत होत्या. वेदना वाढली की अजून एक ट्रॅमाडॉल, आणि त्याने बद्धकोष्ठ आणखी घट्ट. हे चक्र इतक्या वेळा दिसते की ट्रॅमाडॉल किंवा त्या जातीची कोणतीही गोळी लिहून देताना तिच्याबरोबर रेचक न लिहिणे ही आमच्या मते अर्धवट चिठ्ठी आहे. पहिल्या गोळीच्या दिवसापासून रात्री सेना (सोनामुखी) किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल १७ ग्रॅम पाण्यात, आणि दिवसभर पुरेसे पाणी. नुसता कोंडा किंवा इसबगोल देऊन हे बद्धकोष्ठ सुटत नाही, कारण गोळीने आतड्याची हालचालच मंदावलेली असते.

पोट मोकळे झाल्यावरही ‘सगळीकडे दुखतं’ उरलेच. तेव्हा मुलीला एक वही करायला सांगितली. आकड्याचा रकाना तर सगळेच आखतात. त्यासोबत आणखी तीन रकाने हवे होते : कुठे, कसे, काय करताना. ‘कसे’ या रकान्यात ‘दुखतं’ हा शब्द लिहायचा नाही एवढीच अट होती. मराठीत दुखण्याला इतके नेमके शब्द आहेत की ते वापरले तर निम्मे निदान तिथेच होते. दोन दिवसांच्या नोंदींतल्या या चार पाहा :

रात्री २.४० – ७ – डाव्या बरगडीवर, ड्रेनपाशी – टोचल्यासारखी चमक – कूस बदलताना.
सकाळी ७.१५ – ६ – छातीवर आडवा – पेटका, मूठ आवळल्यासारखा, अर्धा मिनिट – उशीवरून उठताना.
दुपारी ४.०० – ४ – मान, खांदा, पाठीचा वरचा भाग – ठणका – बसून बसून.
रात्री ९.३० – ६ – दंडाची आतली बाजू – आग, कापडाचा स्पर्शही नको – गाऊन बदलताना.

म्हणजे एक वेदना नव्हतीच. चार वेगवेगळ्या वेदना होत्या, चारही वेगळ्या कारणांच्या, आणि ट्रॅमाडॉल त्यांतल्या एकीवरही धड लागू पडत नव्हते.

चमक : ड्रेन

ड्रेनची नळी त्वचेला एका टाक्याने बांधलेली असते. नळी ओढली गेली की तो टाका त्वचेत रुततो आणि आतले टोक बरगडीच्या आवरणाला घासते. या बाई रात्री दोन्ही फुगे गादीवर मोकळे ठेवत होत्या. कूस बदलली की नळी ताणली जायची.

उपाय औषधाचा नव्हता. नळी त्वचेतून बाहेर येते तिथून चार बोटे अंतरावर तिचे एक सैल वेटोळे करून ते कागदी चिकटपट्टीने त्वचेवर बसवले. ओढ बसली तर ती वेटोळ्यावर बसते, टाक्यावर नाही. फुगे आतल्या कपड्याला, जखमेच्या पातळीखाली, सेफ्टी पिनने अडकवले. पिन फुग्याच्या कडीतून घालायची, नळीतून कधीही नाही. आंघोळीची परवानगी मिळाल्यावर ते गळ्यातल्या पट्ट्याला लावले.

दुसरे, फुगा निम्मा भरला की रिकामा करायचा. भरलेला फुगा जड होतो आणि त्याची द्रव ओढून घेण्याची ताकद कमी पडते. हात धुवा, टोपण उघडा, मोजपात्रात ओता, मिली आणि रंग लिहा, मग फुगा पूर्ण चपटा दाबूनच टोपण लावा. टोपण आधी आणि दाब नंतर झाला तर ड्रेन काम करत नाही, आणि हे घरोघरी होते. नळीत गुठळी दिसली तर एका हाताने नळी त्वचेजवळ घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीने ओला स्वॅब फुग्याकडे सरकवत न्यायचा. पहिला हात सुटला तर सगळी ओढ टाक्यावर येते.

दिवसाचा निचरा ११० मिलीवरून उतरत गेला, रंग लाल, मग गुलाबी, मग पिवळसर झाला. सलग दोन दिवस २४ तासांत ३० मिलीच्या आत आल्यावर ड्रेन काढतात. इथे एक ११व्या आणि दुसरा १५व्या दिवशी निघाला. काढण्याआधी तासभर पॅरासिटामॉल आणि काढताना लांब उच्छ्वास, एवढे पुरले. त्या रात्रीपासून चमकेची नोंद वहीत नाही.

पेटका आणि ठणका

एक्स्पांडर बसवताना छातीचा मोठा स्नायू खालून सुटा करून उचललेला असतो आणि त्याच्याखाली एक परकी वस्तू असते. तो स्नायू आवळून निषेध करतो. खोकला, शिंक, थंडीने आलेली शिरशिरी, उठताना हाताने दिलेला रेटा, यांतले काहीही पुरते. पेटक्यावर दोन गोष्टींचा उपयोग झाला. रात्री स्नायू सैल करणारी गोळी (मेथोकार्बामॉल ५०० मिलिग्रॅम, आठवडाभर), आणि उठण्याची पद्धत. ही पद्धत शब्दशः अशी : पाय गुडघ्यात दुमडा, अंग लाकडाच्या ओंडक्यासारखे एकदम शस्त्रक्रिया न झालेल्या कुशीवर वळवा, पाय पलंगाखाली सोडा आणि त्याच बाजूच्या कोपराने वर या. डावा हात छातीशी उशी धरून ठेवतो, रेटा देत नाही. खोकतानाही तीच उशी छातीवर धरायची.

झोपताना पाठ ३० ते ४५ अंश वर, गुडघ्यांखाली उशी आणि डाव्या दंडाखाली एक लहान उशी. दंडाखालची उशी बहुतेकजणी विसरतात. ती नसली की हाताचे सगळे वजन रात्रभर छातीच्या स्नायूला तोलावे लागते.

मान आणि खांद्याचा ठणका मात्र शस्त्रक्रियेचा नव्हता, जपण्याचा होता. छाती सांभाळायची म्हणून त्या दिवसभर खांदा कानाकडे ओढून, पोक काढून बसत. तासातून एकदा दहा दीर्घ श्वास, दोन्ही खांदे वर घेऊन सैल सोडणे, मागे फिरवणे, मूठ उघडमीट आणि कोपर वाकवणे एवढे पहिल्या दिवसापासून चालते. ड्रेन असेपर्यंत हात खांद्याच्या रेषेवर न्यायचा नाही आणि पहिले चार ते सहा आठवडे दोन-अडीच किलोच्या वर काही उचलायचे नाही, पण याचा अर्थ हात पोटाशी बांधून ठेवणे असा घेतला की खांदा धरतो, आणि धरलेला खांदा सोडवायला महिने लागतात.

याच ठणक्यापायी आठव्या दिवशी एक प्रसंग झाला, तो थोडा जवळून सांगायला हवा. खांद्याच्या मागे शेकायला रबरी पिशवी दिली होती. पाठीवर शेक चालतो. पण त्यांना झोप लागली आणि पिशवी सरकून पुढे, नव्या स्तनाच्या कडेवर आली. वीस मिनिटांनी मुलीने पाहिले तेव्हा तळहाताएवढा भाग लालबुंद झाला होता. “आई, तुला चटका जाणवला नाही?” जाणवणार कसा? मास्टेक्टमीत त्वचेकडे जाणाऱ्या बारीक नसा तुटतात, तिथे स्पर्शही नसतो आणि उष्णतेचा इशाराही नसतो. शिवाय त्या त्वचेचा रक्तपुरवठा आधीच तुटपुंजा, त्यामुळे भाजले तर जखम लवकर भरत नाही. त्याच दिवशी दाखवले, फोड आले नाहीत, नशीब. पुनर्रचना केलेल्या भागावर गरम पिशवी नाही आणि बर्फही नाही. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात, आणि काळे पडणे सुरू होऊ शकते. झोप येण्याची शक्यता असेल तर जवळपासही नको.

आग : नस

दंडाच्या आतल्या बाजूची आग सगळ्यांत जास्त दिवस टिकली, आणि सर्वांत जास्त घाबरवणारीही तीच ठरली. काखेतून दंडाच्या आतल्या त्वचेकडे एक संवेदना वाहणारी नस जाते, इंटरकॉस्टोब्रॅकियल. काखेत गाठी शोधताना ती ताणली जाते, कधी कापली जाते. मग तो भाग एकीकडे बधिर आणि दुसरीकडे इतका हळवा होतो की सुती बाहीही विस्तवासारखी लागते. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन सुजेच्या वेदनेवर चालतात, नसेच्या आगीवर जवळजवळ नाही. ट्रॅमाडॉलच्या चार गोळ्या वाया जात होत्या त्या इथेच.

रात्री गॅबापेन्टिन (नसेच्या वेदनेवरची गोळी) १०० मिलिग्रॅमपासून सुरू करून आठवड्यात ३०० वर नेले. पहिले काही दिवस गुंगी येते, आणि ट्रॅमाडॉलसोबत घेतले तर श्वास मंदावण्याचा धोका असतो, म्हणून आधी ट्रॅमाडॉल उतरवून बंद केले. जखम पूर्ण मिटल्यावर स्पर्शाची सवय सुरू झाली : दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी दोन-तीन मिनिटे, आधी रेशमी कापड, मग सुती, मग टॉवेल, दंडावरून एकाच दिशेने. एका कापडाची आग दोनवर आली की पुढचे घ्यायचे. हे कंटाळवाणे आहे आणि उपयोगी आहे.

सहाव्या आठवड्यात टॅमॉक्सिफेन (कर्करोग परत येऊ नये म्हणून दिली जाणारी हॉर्मोनरोधक गोळी) सुरू झाले तेव्हा आगीसाठी ड्युलॉक्सेटिन (नैराश्यावर आणि नसेच्या वेदनेवर चालणारी गोळी) द्यावे का असा प्रश्न आला. टाळले. टॅमॉक्सिफेनचे प्रभावी रूप यकृतात ज्या एन्झाइममुळे बनते (सीवायपी२डी६), त्यालाच ड्युलॉक्सेटिन अडवते. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळ्या तर त्याहून जास्त. नसेच्या वेदनेची किंवा नैराश्याची गोळी लिहून घेताना टॅमॉक्सिफेन चालू आहे हे रुग्णाने स्वतः सांगावे, कारण दोन चिठ्ठ्या बहुधा दोन वेगळ्या डॉक्टरांच्या असतात.

याच काळात त्यांनी संकोचत सांगितले की नसलेल्या स्तनाग्राला खाज येते. हेही खरे असते. मेंदूतला त्या भागाचा नकाशा शस्त्रक्रियेने पुसला जात नाही. फक्त तिथे खाजवायचे नाही, बधिर त्वचेवर नखाने ओरखडा उठतो आणि कळत नाही. आणि हेही बोलले गेले की प्रत्येक चमकेला ‘रोग परत आला का’ असे मनात येते. ही भीती वेदना दुप्पट करते. नसेची चमक क्षणभराची असते, जागा बदलते, स्पर्शाने उठते. हे समजावल्यावर रात्रीचे आकडे औषध न बदलता एका घराने खाली आले. तपासण्या ठरल्या वेळी चालूच राहिल्या.

ओढ : भरणी आणि काखेतली दोरी

तिसऱ्या आठवड्यात जखम कोरडी असताना पहिली भरणी झाली. एक्स्पांडरचे सुई घालायचे झाकण त्याच्यातल्या चुंबकाच्या साहाय्याने शोधून बारीक सुईने सलाइन सोडतात, बधिर त्वचेमुळे सुई फारशी कळत नाही. (बऱ्याच एक्स्पांडरमध्ये हा चुंबक असल्याने तो काढेपर्यंत एमआरआय करता येत नाही. एक्स्पांडरची माहिती असलेले कार्ड पाकिटात ठेवावे.) ६० मिली भरले, दोन दिवस ओढ राहिली, तीन-चारचा आकडा. पाचव्या आठवड्यात त्यांनीच आग्रह धरला की लवकर संपवू या, आणि १०० मिली भरले गेले.

त्या रात्री छातीला कोणी पट्टा आवळल्यासारखे झाले. आठ. दीर्घ श्वास घेता येईना. इथे ‘भरणीमुळेच असणार’ असे फोनवर ठरवून चालत नाही. शस्त्रक्रियेनंतर दम लागणे म्हणजे फुप्फुसात गुठळी असू शकते. आधी ऑक्सिजन, नाडी, पोटऱ्यांची सूज तपासली, सगळे ठीक होते, मग ओढ हेच कारण मानले आणि सकाळी ४० मिली परत काढले. सुई बाहेर येण्याआधीच त्यांनी पूर्ण श्वास घेतला. भरलेले काढता येते, ही गोष्ट रुग्णांना आधी सांगितलेलीच नसते. त्या पहाटेपर्यंत सोसत राहतात, कारण त्यांना वाटते परतीचा रस्ता नाही. पुढे दर दोन आठवड्यांनी ५० मिली, तासभर आधी पॅरासिटामॉल, असे तीन वेळा करून ३९० वर थांबले.

दुसरी ओढ काखेतली. पाचव्या आठवड्यात हात शंभर अंशांच्या वर जाईना, आणि ताणला की काखेपासून कोपरापर्यंत त्वचेखाली सुतळीसारखी दोरी उठून दिसे. याला ॲक्सिलरी वेब म्हणतात. ही गाठ नव्हे, रोगही नव्हे, पण विश्रांतीने बसत नाही. फिजिओथेरपिस्टकडून हलका ताण आणि घरी भिंतीवर बोटांनी चढणे, दिवसातून तीन वेळा, दर वेळी दहा. ओढ जाणवेल तिथे थांबून पाच श्वास, कळ येईपर्यंत नाही. नवव्या आठवड्यात हात कानाला टेकला.

वहीत लिहून थांबायचे नाही असे

वहीच्या आतल्या पानावर मुलीने वेगळ्या रंगात एवढे लिहून ठेवले होते : ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त, पसरत जाणारी लाली, एकाच बाजूला अचानक वाढणारी घट्ट सूज, फुग्यात भराभर येणारे लालभडक रक्त, त्वचा जांभळी-काळी पडणे, एका पोटरीत दुखणे किंवा सूज, दम लागणे. यांतल्या कशालाही वेदनाशामक घेऊन सकाळची वाट बघायची नसते. पहिल्या ४८ तासांतली घट्ट सूज बहुधा आत साठलेले रक्त असते आणि त्यासाठी परत शस्त्रक्रियागृहात न्यावे लागू शकते.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी आग दोनवर होती, गॅबापेन्टिन दोन आठवड्यांत उतरवत बंद केले. एकदम बंद केले असते तर झोप मोडली असती आणि आग उसळली असती. पाचव्या महिन्यात एक्स्पांडर काढून कायमचे इम्प्लांट बसवले. या वेळी पॅरासिटामॉलची पहिली मात्रा ब्लॉक उतरण्याच्या कितीतरी आधी, रात्री आठला दिली गेली आणि पुढच्या मात्रांच्या वेळा वहीत आधीच लिहिलेल्या होत्या. स्नायू नव्याने सोडवावा लागला नव्हता, त्यामुळे वेदनाही मुळात कमी होती. सर्वांत मोठा आकडा चार. ट्रॅमाडॉलची पट्टी न फोडता परत गेली. या दुसऱ्या वेळच्या नोंदी सहाच दिवसांच्या आहेत. सहाव्या दिवशीची एकुलती एक ओळ अशी : सकाळी ८.०० – १ – जुन्या व्रणापाशी – चुरचुर – शिंकताना.